३२ बिट यूआयडी (लिनक्स कर्नल)

युनिक्सच्या घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये (लिनक्सही त्यातलंच) कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, युजरचं नाव माहीतच नसतं, त्याला कळतो तो फक्त एक नंबर, यूआयडी (युजर आयडी). फाइल कोणाची, प्रोसेस कोणाच्या नावावर चाललीये, ती बंद करायचा हक्क कोणाला, सगळं या नंबरावर ठरतं आणि ० म्हणजे रूट, मशीनचा सर्वाधिकारी युजर, त्याला कोणी अडवत नाही.

आधी मेमरीचीच मारामार होती. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये आयनोडात (डिस्कवरच्या फाइलच्या माहितीच्या नोंदीत) यूआयडीला एकच बाइट होता, १९७९ च्या सातव्या आवृत्तीत १६ बिट झाले. लिनक्सनेही तेच उचललं, म्हणजे ० ते ६५५३५. एका मशीनला हे रग्गड आहे, पण एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून, फाइल शेअर करायच्या तर सगळ्या मशीनवर नंबर सारखेच लागतात, शिवाय सोडून गेलेल्या माणसाचा नंबर दुसऱ्याला देणं धोक्याचं, कारण त्याच्या जुन्या फाइली आयत्या नव्याच्या हातात पडतात, त्यामुळे मोठ्या संस्थांना ही मर्यादा टोचायला लागली. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्स २.४ ने यूआयडी आणि जीआयडी (ग्रुपचा नंबर) दोन्ही ३२ बिटचे केले, म्हणजे साधारण ४२९ कोटी नंबर.

कर्नलच्या आतला टाइप बदलणं हा यातला सोपा भाग. खरी डोकेदुखी आधीच कंपाइल होऊन बसलेल्या प्रोग्रामची, कारण ते १६ बिटच धरून चालतात. म्हणून ३२ बिट इंटेलवर स्वतःचा यूआयडी विचारणारा जुना सिस्टीम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे काही मागायची ठरलेली वाट), नंबर २४, जसाच्या तसा ठेवला आणि ३२ बिटवाला नवीन कॉल १९९ नंबरवर टाकला. पण जुन्या कॉलने ७०००० नंबरच्या युजरला काय उत्तर द्यायचं? वरचे बिट नुसते छाटले तर ४४६४ येतं, तो भलताच कोणीतरी, आणि ६५५३६ छाटलं तर थेट ०, म्हणजे प्रोग्राम त्याला रूटच समजणार! म्हणून न मावणाऱ्या नंबराच्या जागी ६५५३४ हा ओव्हरफ्लो यूआयडी देतात, हवा तर तो बदलताही येतो.

याहून चिवट भानगड -१ ची. फाइलचा मालक बदलायच्या कॉलमध्ये यूआयडी म्हणून -१ दिला तर अर्थ होतो 'मालक आहे तोच राहू दे'. १६ बिटमध्ये हा -१ म्हणजे ६५५३५, त्यामुळे जुन्या कॉलमधून आलेला ६५५३५ कर्नलला मुद्दाम ४२९४९६७२९५, म्हणजे ३२ बिटमधला -१, करून घ्यावा लागतो, नाहीतर फक्त ग्रुप बदलायला गेलेला माणूस फाइल ६५५३५ नंबरच्या नावावर करून बसेल. याच -१ ने २०१९ मध्ये सुडोला, म्हणजे दुसऱ्या युजरच्या नावाने कमांड चालवून देणाऱ्या प्रोग्रामला, गोत्यात आणलं. 'रूट सोडून कोणीही' अशी परवानगी असलेल्याने युजर म्हणून -१ दिला की कर्नलने त्याचा अर्थ 'बदलू नको' असा घेतला, आणि सुडो आधीच रूट म्हणून चाललेला असतो, त्यामुळे कमांडही रूट म्हणूनच चालायची. सुडोच्या १.८.२८ आवृत्तीत ते बुजवलं.

डिस्कवर मात्र नशीब चांगलं होतं. ईएक्सटी२ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमच्या १२८ बाइटच्या आयनोडात शेवटी थोडी राखीव जागा होती, वरचे १६ बिट तिथे कोंबले, डिस्क फॉरमॅट करायची गरजच पडली नाही. मिनिक्स फाइल सिस्टीममध्ये अशी सोय नाही, तिथे मोठा नंबर लिहायला गेलात तर ओव्हरफ्लोवालाच लिहिला जातो. टार फाइलच्या (अनेक फाइली एकत्र बांधायचा प्रकार) जुन्या हेडरमध्ये यूआयडीला सात ऑक्टल, म्हणजे ० ते ७ चे, आकडे असतात, म्हणजे २०९७१५१ च्या पुढे फॉरमॅटचं एक्स्टेन्शन लागतं. सगळ्यात मजेशीर प्रकार शेवटच्या लॉगिनच्या फाइलचा, लास्टलॉगचा. तिच्यात यूआयडी गुणिले २९२ बाइट या जागी प्रत्येकाची नोंद असते, त्यामुळे ४२९४९६७२९४ नंबरच्या युजरने एकदा लॉगिन केलं की फाइलची साइज एक टीबीच्या वर दिसते, डिस्कवर मात्र मधली रिकामी जागा लिहिलीच जात नाही, त्यामुळे ती काही केबीच खाते, आणि हे माहीत नसलेलं बॅकअपचं सॉफ्टवेअर तो सगळा टीबी इमानेइतबारे वाचत बसतं.

हल्ली मोठे नंबर माणसांपेक्षा सॉफ्टवेअरलाच जास्त लागतात. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला १०००० पासून पुढचा वेगळा यूआयडी मिळतो आणि फोनवरच्या प्रत्येक युजरसाठी त्यात एकेक लाख मिळवतात, त्यामुळे दुसरा युजर आला की १६ बिट संपलेच. कंटेनरसाठी (प्रोग्राम बाकी सिस्टीमपासून वेगळा कोंडून चालवायची सोय) वापरतात त्या युजर नेमस्पेसमध्येही, म्हणजे आतल्या यूआयडींच्या वेगळ्या यादीतही, एकेकाला सहसा ६५५३६ नंबरांचा अख्खा पट्टा देतात, आतला ० बाहेर १००००० असतो, आणि पट्ट्याबाहेरच्या मालकाची फाइल आतून बघितली की तोच ६५५३४ दिसतो.