एल निनो आला म्हणजे दुष्काळ पडलाच का?

एप्रिल लागला की चॅनेलांवर ठरलेली पट्टी फिरू लागते: ‘यंदा एल निनो, पाऊस दगा देणार’. पूर्वी लोक पंचांगात पाहायचे, मृगाचं वाहन बेडूक की गाढव. आता गाढवाच्या जागी एल निनो आला, इतकाच फरक. १९९७ साली विसाव्या शतकातला एक सर्वांत जबर एल निनो होता आणि देशात पाऊस झाला सरासरीच्या १०२ टक्के. २००२ चा एल निनो त्याच्यापुढे किरकोळ. तरी त्या जुलैत निम्माही पाऊस झाला नाही. हे समजायचं तर आधी समुद्रात उतरावं लागेल.

हवामान हवा ठरवते असं आपल्याला वाटतं. हिशेब करून पाहा. एक चौरस मीटर जागेवर थेट आकाशापर्यंत उभी असलेली हवा भरते सुमारे १० टन. एक किलो हवा एका अंशाने तापवायला साधारण १,००० ज्यूल लागतात, एक किलो पाण्याला ४,२००. म्हणजे त्या सगळ्या हवेत जेवढी उष्णता मावते, तेवढी समुद्राच्या वरच्या अडीच मीटर पाण्यातच मावते! हरितगृह वायूंमुळे साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राच्या पोटात जाते ती त्यामुळेच.

आता प्रशांत महासागर. विषुववृत्तालगत व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. बशीतल्या चहावर फुंकर मारली की साय पलीकडच्या काठाला जाऊन साचते, तसं वरचं तापलेलं पाणी इंडोनेशियाकडे ढकललं जातं. तिथली समुद्रपातळी पेरूच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. वरचं उबदार आणि खालचं गार पाणी यांच्यातली सीमा, म्हणजे थर्मोक्लाइन, पश्चिमेला दीडशे मीटरच्याही खाली असते, पूर्वेला जेमतेम पन्नासावर. शिवाय पृथ्वीच्या फिरण्यामुळे विषुववृत्ताच्या उत्तरेचं पाणी उजवीकडे वळतं, दक्षिणेचं डावीकडे. दोन्हीकडचं पाणी विषुववृत्तापासून दूर सरकलं की मधली जागा भरायला खालचं गार पाणी वर येतं.

खरी गंमत पुढे आहे. पश्चिमेच्या उबदार पाण्यावर हवा वर चढते, ढग दाटतात, दाब उतरतो. पूर्वेच्या गार पाण्यावर हवा खाली बसते, दाब चढतो. या दाबातल्या फरकामुळे वारे आणखी जोरात वाहतात आणि आणखी पाणी पश्चिमेला लोटतात. वारे पाण्याला घडवतात, पाणी वाऱ्यांना. पण हे चक्र उलटंही फिरतं. पश्चिमेला काही दिवस उलट्या दिशेचे वारे जोरात सुटले, की थर्मोक्लाइनवर केल्विन लाट उठते. वरून पाहिलं तर पाणी काही सेंटिमीटरच उचललेलं दिसतं, पण खाली ती सीमा कितीतरी मीटर दबलेली असते. ही लाट दोन-तीन महिन्यांत दक्षिण अमेरिका गाठते. तिथलं गार पाणी आता खोल गेलेलं, म्हणून पृष्ठभाग तापतो. तो तापला की वारे मंदावतात. वारे मंदावले की पाणी आणखी तापतं. हाच एल निनो.

यातला हवेचा अर्धा भाग भारतातच सापडला होता. १८९९ च्या दुष्काळानंतर मोसमी पावसाचा अंदाज बांधणं ही सरकारची निकड झाली आणि १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती भारतीय हवामान खात्याचा प्रमुख झाला. जगभरच्या नोंदींची आकडेमोड करताना त्याला दिसलं, की प्रशांत महासागरावर दाब चढला की हिंदी महासागरावर उतरतो, आणि उलटही. कारण मात्र त्याला सापडलं नाही. समुद्राची बाजू जोडून हे कोडं जेकब बियर्कनेस याने १९६९ साली उलगडलं.

एल निनोत ढगांचा अड्डा प्रशांत महासागराच्या मध्याकडे सरकला की भारतावर हवा खाली बसू लागते, आणि खाली बसणारी हवा ढग वाढू देत नाही. मग १९९७ साली काय झालं? हिंदी महासागराचं स्वतःचं एक झोके घेणं आहे, हिंद महासागर द्विध्रुव. १९९७ साली सुमात्राकडचं पाणी गार पडलं आणि आफ्रिकेकडचं तापलं. अशा वर्षी आपल्याकडे येणारं बाष्प वाढतं, आणि त्याने एल निनोचा बराचसा मार झेलला. हा द्विध्रुव शास्त्रज्ञांनी ओळखला तो मात्र १९९९ साली.

एप्रिलच्या भाकितांना आणखी एक अडचण आहे. मार्च ते मे या काळात प्रशांत महासागराचं हे चक्र सर्वांत सैल असतं. तेव्हा केलेला एल निनोचा अंदाज जूनमध्ये केलेल्यापेक्षा बराच कच्चा असतो. हवामान खातं मेअखेरीस सुधारित अंदाज देतं, पण त्याची बातमी आतल्या पानावर जाते.

२०२३ साली एल निनो होता आणि द्विध्रुवही अनुकूल होता, पण तो जागा झाला ऑगस्ट सरता सरता. तोवर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होऊन गेला होता. सप्टेंबरात पावसाने सरासरी ओलांडली आणि हंगाम ९४ टक्क्यांवर थांबला.