‘कोखेर’ ही शिवी आहे का?

‘स्पॅनिश बोलताना ‘कोखेर’ चुकूनही तोंडातून काढू नका, ती शिवी आहे.’ नव्याने स्पॅनिश शिकणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

मूळ अर्थ साधा: घेणे, पकडणे. माद्रिदमध्ये बस पकडायची तर ‘कोखेर एल आउतोबूस’ असंच म्हणतात, अगदी आजीसमोरही. कोलंबियातही चालतं. मेक्सिको आणि अर्जेंटिनात मात्र तोच शब्द संभोगासाठी, तोही शिवराळ ढंगात वापरतात. तिथे बससाठी ‘तोमार’ म्हणायचं. आपल्या शाळेतल्या ‘बाई’ हिंदीत गेल्या की जरा जपून बोलावं लागतं, तसंच काहीसं.

पडताळायला चांगला स्पॅनिश शब्दकोश उघडा. शिवराळ अर्थापुढे देशांची संक्षिप्त नावं आणि ‘मालसोनांते’ची, म्हणजे कानाला खटकणारा, अशी खूण दिसेल. ‘पकडणे’ या अर्थापुढे ती नाही.

स्पॅनिश चॅटमधलं ‘एक्सक्यू’ (xq) हे लघुरूप बघूनही काहीजण दचकतात. त्यात शिवी नाही. गुणाकाराच्या चिन्हाला स्पॅनिशमध्ये ‘पोर’ म्हणतात, दोन पोर तीन म्हणजे सहा. म्हणून एक्स झाला ‘पोर’, क्यू झाला ‘के’. दोन्ही मिळून ‘पोर्के’: का, किंवा कारण.