मुंबई–न्यूयॉर्क विमान अंतर आणि प्रवासाचा वेळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके हे हवाई अंतर साधारण १२,५०० किमी भरतं. वेगवेगळ्या वेबसाइटवर थोडा फरक दिसतो कारण कोणी पृथ्वी अगदी गोल धरतं तर कोणी ध्रुवांकडे चपटी, ते फार मनावर घेऊ नये.

भिंतीवरचा नकाशा बघून वाटतं की विमान अरबी समुद्र ओलांडून सरळ पश्चिमेला जात असेल, पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो मुंबईतून वायव्येला निघतो, पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया करत हेलसिंकीच्या जवळून जातो, मग आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि तिथून कॅनडावरून खाली न्यूयॉर्क. सगळ्यात जवळचा रस्ता हाच.

विमान मात्र या रेषेवरून जाईलच असं नाही. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आणि परत एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, मग वळसा आलाच आणि वळसा म्हणजे जास्त वेळ, जास्त इंधन. रशियाचं उलटं, युक्रेन युद्धानंतर ते अमेरिकन कंपन्यांना बंद झालं पण भारतीय कंपन्यांना उघडं राहिलं, युनायटेडने मार्च २०२२ मध्ये मुंबई–न्यूअर्क (न्यूयॉर्कच्या शेजारचाच विमानतळ) फ्लाइट थांबवली ती याच भानगडीत.

आता वेळ. ताशी ९०० किमीने भागलं तर १४ तास येतात, पण नॉनस्टॉपला जाताना साडेपंधरा-सोळा तास धरून चालायचं, कारण वरती दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचा जोरदार वारा असतो, तो जाताना समोरून येतो आणि परतताना मागून ढकलतो, म्हणून येतानाचा प्रवास तास-दीड तासाने तरी लवकर आटपतो. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, रनवेच्या रांगेत थांबलेली मिनिटंही त्यातच.

खरा गोंधळ घड्याळाचा. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, त्यामुळे जानेवारीत रात्री दोनला मुंबईहून निघून सोळा तास उडालात तरी तिथे त्याच तारखेची सकाळ, साडेसात. तिकीट बघून घरचे म्हणतात, अरे पाच-साडेपाच तासात पोचतोय की! परतताना तारीख पुढे सरकते, तेव्हा विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला भारतातली तारीख सांगावी.

एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ ने लंडनमार्गे न्यूयॉर्क सुरू केलं, मुंबईहून नॉनस्टॉप यायला २००७ उजाडलं. आजही बरेच लोक दुबईमार्गे जातात आणि गंमत म्हणजे त्यात अंतर जेमतेम चार-पाचशे किमीच वाढतं, पण मधल्या थांब्यामुळे वेळ सहज वीस तासांच्या वर जातो. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना मध्ये पाय मोकळे करायला मिळतात हे खरं, फक्त ट्रान्झिटमधे गेट लांब असतं, व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगून ठेवायची.