सूप, टोपली आणि जंगलाचा कायदा : महाराष्ट्रातील बांबूकामाची पार्श्वभूमी

गच्चीवर भाजीपाला लावणारी, कारल्या-दोडक्याच्या वेलांसाठी बांबूचा मांडव उभारणारी आणि प्लास्टिकच्या टबाऐवजी विणलेली टोपली वापरणारी, किंवा ती स्वतः विणायला शिकणारी मंडळी आज महाराष्ट्राच्या शहरांत ठिकठिकाणी भेटतात. हा ओढा आनंदाचा आहे. मात्र त्याविषयी बोलताना, प्लास्टिक आले आणि बुरूडकाम, म्हणजे बांबूच्या वस्तू विणण्याचा धंदा, संपले, अशी एक सोपी कथा सर्रास सांगितली जाते आणि ती अपुरी आहे. प्लास्टिक खेड्यापाड्यांतल्या घरांत पोहोचण्याच्या कितीतरी आधी विणणाऱ्याच्या हाताखालचा बांबूच कायद्याने आणि करारांनी काढून घेतला गेला होता. आज जे पुनरुज्जीवन दिसते, त्यालाही बाजारातल्या आवडीइतकाच कायद्यातला बदल कारणीभूत आहे.

या कामाचे महाराष्ट्रातील वय मोठे आहे. जुन्नरच्या लेण्यांत इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतील जे दानलेख आहेत, त्यांपैकी एकात धर्मकार्यासाठीची रक्कम बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे, म्हणजे कारागिरांच्या संघाकडे, गुंतवल्याची नोंद आहे, आणि तिच्या सोबतीला काशाची भांडी घडवणाऱ्यांची श्रेणी आहे. ज्या कारागिरांकडे लोक विश्वासाने ठेव ठेवत होते, ते गावाच्या कडेला कसेबसे जगणारे लोक असणे शक्य नाही. त्यांची संघटना होती, पत होती आणि नियमित मिळकत होती. पुढे 12व्या शतकात बसवेश्वरांच्या शरण परंपरेत मेदार केतय्या हे बांबूकाम करणारे वचनकार होऊन गेले आणि महाराष्ट्रातील बुरूड समाज आजही त्यांना केतय्या स्वामी म्हणून आपले आराध्य मानतो. श्रमाला पूजेचे मोल देणाऱ्या त्या चळवळीत टोपली विणणाऱ्याला मानाची जागा होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण नंतरच्या गावव्यवस्थेत ती जागा टिकली नाही.

घर आणि परसू चालवण्यासाठी बुरूडकाम किती लागत असे, याची कल्पना आजच्या पिढीला येणे अवघड आहे. धान्य पाखडायला सूप, तांदूळ धुऊन निथळायला रोवळी, भाकरी ठेवायला दुरडी, देवाची फुले आणायला परडी, शेण आणि माती वाहायला पाटी, कोंबड्या झाकायला डालगे आणि वर्षाचे धान्य साठवायला शेणामातीने लिंपलेली उंच कणगी, एवढ्या वस्तू साध्या शेतकरी घरातही असत. घराची कुडाची भिंत, माळ्याची शिडी, छपराखालची तट्टी आणि परसाचे कुंपणही बांबूचेच असे. कोकणात भातलावणीच्या पावसात पाठीवर घ्यायचे इरले बांबूच्या सांगाड्यावर पाने बसवून तयार होई, आंबा न आपटता उतरवण्यासाठी लांब काठीचा झेला लागे आणि उतरवलेला आंबा करंडीतून मुंबईला जाई. गौरीच्या सणात नव्या सुनेचा ओवसा भरायला सुपेच लागतात, पाळणाही बांबूचा असे आणि तिरडीही बांबूचीच असते. हे सारे दरवर्षी झिजत असे, कुजत असे, कीड लागून जात असे आणि म्हणून पुन्हा विणून घ्यावे लागे. बुरुडाच्या पोटाला या नियमित मागणीचा आधार होता.

कामही वाटते तितके सोपे नाही. बांबू हे गवत आहे. नवा कोंब एका पावसाळ्यातच आपली पूर्ण उंची गाठतो, पण त्याला कणखरपणा यायला दोन-तीन वर्षे जावी लागतात, म्हणून बेटातला कोवळा बांबू सोडून जून तेवढा तोडायचा असतो. तोड पावसाळा संपल्यावर होते. वद्य पक्षात तोडलेल्या बांबूला कीड कमी लागते, असे जुने कारागीर सांगतात. किडीला बांबूतील पिष्टाचे आकर्षण असते हे तर शास्त्रानेही दाखवले आहे आणि पाण्यात बुडवून ठेवण्याच्या पद्धतीमागेही तेच कारण आहे. तोडलेला बांबू कोयत्याने उभा चिरून त्याच्या कामट्या काढायच्या, त्यांतून हिरव्या सालीच्या चिवट पट्ट्या आणि आतल्या गाभ्याच्या मऊ पट्ट्या वेगळ्या करायच्या, काठाला आणि बुडाला साल वापरायची व भरावाला गाभा, ही निवड हाताच्या सवयीनेच जमते. चिरण्याचे काम बहुधा पुरुषांकडे आणि विणण्याचे व बाजारात नेऊन विकण्याचे बरेचसे काम बायकांकडे असे. बुरुडांखेरीज यवतमाळ-चंद्रपूरकडचे कोलाम आणि नंदुरबारच्या सीमेलगतचे कोतवालिया यांचेही जगणे या कामाशी बांधलेले आहे.

हा बांबू येई जवळच्या जंगलातून किंवा गावाच्या बेटांतून, आणि तो तोडण्याचे नियम रूढीने ठरलेले असत. 1865 आणि त्यानंतर 1878च्या वनकायद्याने इंग्रज सरकारने जंगलांवर मालकी प्रस्थापित केली, राखीव वनांच्या हद्दी आखल्या आणि तिथे पूर्वी जे हक्क होते त्यांना कृपेने दिलेल्या सवलतीचे रूप आले. 1927च्या भारतीय वन अधिनियमात झाडाची जी व्याख्या आहे, तिच्यात ताड-माड आणि वेत यांच्यासोबत बांबूचाही समावेश होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत असलेली ही वनस्पती कायद्याने झाड ठरली आणि त्यामुळे ती तोडायला परवानगी व गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना आवश्यक झाला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलातून दोन बांबू आणणारा माणूस एका व्याख्येमुळे चोर ठरू शकत होता, आणि अनेकदा ठरलाही.

सुरुवातीला वनखात्याला बांबूची फारशी किंमत नव्हती. सागाच्या लागवडीत तो अडथळाच मानला जाई. चित्र पालटले ते कागदामुळे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी 20व्या शतकाच्या पहिल्या दशकांत बांबूच्या लगद्यावर प्रयोग केले आणि या लगद्यापासून चांगला कागद होतो हे दिसून आले. 1925 साली बांबूपासून कागद बनवण्याच्या उद्योगाला संरक्षण देणारा खास कायदा झाला. 1945 साली बल्लारपूरच्या कागद कारखान्याची स्थापना झाली आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी कारखान्याकडे जाऊ लागला. एका बाजूला विणकराला बेटाबेटाचा हिशेब विचारला जात होता आणि दुसऱ्या बाजूला मालमोटारी भरभरून बांबू नाममात्र स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) कारखान्यात जात होता.

या विसंगतीचा सर्वांत नेमका अभ्यास महाराष्ट्राच्या हद्दीला लागून झाला. उत्तर कन्नड जिल्हा तेव्हाच्या मुंबई राज्यात असताना तेथील दांडेलीत कागद कारखान्याची योजना आली आणि कारखान्याला टनाला दीड रुपया दराने बांबू देण्याचे ठरले. टोपल्या विणणाऱ्यांना बाजारात त्याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागत. बुरुडांनी कर्नाटक सरकारकडे तक्रार केली, आणि 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह तिथल्या बांबूचा अभ्यास हाती घेतला. तोड सोपी व्हावी आणि बेट मोकळे वाढावे म्हणून बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी जाळे साफ करण्याची पद्धत तिथे होती. गावकरी सांगत होते की त्या जाळ्यामुळेच कोवळे कोंब गुरे, वानरे आणि साळिंदरांपासून वाचतात. अभ्यासात गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. जाळे काढलेल्या बेटांतले कोंब खाल्ले जात होते आणि बेटे खुरटत होती. हाताने काम करणाऱ्यांचे ज्ञान वस्तू विणण्यापुरतेच असते, हा समज या एका उदाहरणाने खोटा पडायला हवा होता. बांबू कसा जगतो हेही त्यांना माहीत होते, कारण त्यांना तो दरवर्षी हवा होता.

महाराष्ट्रात बुरुडांना पूर्ण वाऱ्यावर सोडले गेले असे म्हणता येणार नाही. नोंदणी असलेल्या कुटुंबांना वनखात्याच्या आगारातून सवलतीच्या दरात ठरावीक बांबू देण्याची व्यवस्था होती आणि आजही आहे. पण आगारातला बांबू वेळेवर न येणे, आला तर सुकलेला असणे, ही गाऱ्हाणी विदर्भातल्या बुरूड वस्त्यांत जुनी आहेत. चुलीला सुके लाकूड चालते. विणायला मात्र ओला, हिरवा बांबूच लागतो, कारण सुकलेली पट्टी वाकवताना मोडते.

वर्ध्यात गावातल्याच साहित्यावर गावचे उद्योग उभे करण्याचा वेगळा विचार चालला होता. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीतून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी चालवले, आणि सेवाग्रामच्या बापू कुटीत माती व बांबूसारख्या भोवतालच्या साहित्याने घर कसे उभे राहते ते आजही पाहता येते. मेळघाटात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेले संपूर्ण बांबू केंद्र याच विचाराला जवळचे म्हणावे लागेल. तिथे कोरकू आणि इतर आदिवासी तरुण बांबूची घरे आणि घरगुती वस्तू बनवायला शिकले.

मागणीचीही घसरण झाली, हे मान्य करायलाच हवे. मळणीयंत्र आणि गिरणी आल्यावर पाखडणे कमी झाले, घरी वर्षाचे धान्य साठवणे बंद झाल्यावर कणगी गेली, आंब्याची करंडी जाऊन लाकडी पेटी आणि मग पुठ्ठ्याचा खोका आला, आणि प्लास्टिकच्या टोपल्या, पाट्या, बादल्या इतक्या स्वस्त झाल्या की एका विणलेल्या पाटीच्या पैशांत दोन मिळू लागल्या. तरीही सूप टिकून राहिले. प्लास्टिकचे सूप बाजारात असूनही पाखडताना बांबूच्या सुपाचा लवचिक काठ धान्य जसे उडवतो तसे ते उडवत नाही, आणि गौरीला किंवा लग्नात ते चालत नाही.

कायद्याची पकड ढिली होण्याची सुरुवात 2006च्या वनहक्क कायद्यापासून झाली. त्यात गौण वनोपजाच्या, म्हणजे लाकडाखेरीजच्या जंगलातल्या उत्पादनांच्या, यादीत बांबूचे नाव स्पष्टपणे आहे आणि त्यावर गावाचा हक्क मानलेला आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा तोवर महाराष्ट्रभर पोहोचली होती. गावाचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत. हक्क मिळूनही बांबू विकता येत नव्हता, कारण 1927च्या व्याख्येनुसार तो झाडच होता आणि वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती होता. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले आणि तो पेच सुटला. आपल्या जंगलातला बांबू स्वतः तोडून, स्वतः परवाना देऊन विकणारे हे देशातले पहिले गाव मानले जाते.

नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून आणि नंतर संसदेने तो कायद्यात उतरवून, वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला. याचा सर्वांत सहज लाभ सिंधुदुर्गाला झाला. तिथे परसात आणि बांधावर माणगा लावण्याची जुनी रीत आहे. माणग्याला काटे नसतात, तो बराचसा भरीव असतो आणि काठी, फर्निचर, मांडव अशा कामांना उत्तम चालतो. शेतकरी कंद लावून त्याची बेटे वाढवतात. कुडाळला 2004 पासून काम करणाऱ्या कोकण बांबू आणि केन विकास केंद्राने या माणग्यावर आधारलेले फर्निचर, घरे आणि वस्तू बनवण्याचे प्रशिक्षण दिले. शहरातल्या बागेत आज जो सरळ, गुळगुळीत बांबू आधाराला लागतो, तो अनेकदा अशाच एखाद्या बांधावरून आलेला असतो.

मात्र या बदलाने वन आणि वनाबाहेरची जमीन यांच्यात रेघ ओढली, आणि बुरूड कुटुंबांपैकी बहुतेकांकडे बांबू लावायला जमीनच नाही. शेतकऱ्याला बांबू विकण्याची मोकळीक मिळाली, गडचिरोलीच्या ग्रामसभांना आपल्या जंगलाचा हक्क मिळाला, पण तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला बसून सुपे विणणारी बाई आजही आगाराच्या पुरवठ्यावर किंवा व्यापाऱ्याच्या भावावर अवलंबून आहे. पुण्याच्या मंडईजवळ बुरूड आळी अजून नावानिशी उभी आहे आणि तिथे शिड्या, टोपल्या, चटया विकल्याही जातात. तिथल्या विणकरांना शेतकरी संघांकडून आणि ग्रामसभांकडून थेट, हिरवा असतानाच बांबू मिळेल अशी खरेदीची साखळी अजून उभी राहायची आहे.