ताग पेरला, आता मोडायचा कधी?

आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये. त्याआधी हिरवळीच्या खतासाठी ताग टाकायचा, फुलावर आला की मातीत गाडायचा आणि मग सऱ्या सोडायच्या, ही पश्चिम महाराष्ट्रातली जुनी रीत. शेणखत मिळेनासं झालं तसे शेतकरी पुन्हा तिच्याकडे वळताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण चर्चा बियाणं किती आणि पेरणी कधी एवढ्यावरच थांबते. ताग किंवा धैंचा (हिरवळीच्या खताचंच दुसरं पीक) कधी आणि कसा मोडला, यावर जमिनीच्या पदरात काय पडणार ते ठरतं, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

महिन्याभराचं तागाचं रोप कुदळीने मातीसकट उचला. उपटू नका, मुळांवरच्या गाठी तुटून मातीत राहतात. मुळं पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला, तर रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधताहेत. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) प्राणवायूच्या संपर्कात निकामी होतं. पण जिवाणूंना श्वासासाठी प्राणवायू तर लागतोच. लेगहिमोग्लोबिन तो धरून ठेवतं आणि बेताबेताने पुरवतं. गाठ आतून पांढरी असेल तर काम अजून सुरू नाही. हिरवट किंवा तपकिरी असेल तर संपलेलं आहे. शेंगा भरू लागल्या की झाडाचं अन्न दाण्याकडे वळतं आणि गाठी म्हाताऱ्या होतात. फुलोऱ्यात गाडायचं ते एक यासाठी.

दुसरं कारण कर्ब (कार्बन) आणि नत्राच्या प्रमाणात आहे. जमिनीतल्या जिवाणूंच्या शरीरात साधारण 8 भाग कर्बामागे 1 भाग नत्र असतो. खाल्लेल्या कर्बातला बराचसा ते श्वासात जाळतात, म्हणून 24 भागांमागे 1 भाग नत्र असलेलं अन्न त्यांना नेमकं पुरतं. पेरणीपासून 45 ते 50 दिवसांचा कोवळा ताग या मर्यादेच्या आत असतो. ओल असेल तर तो झपाट्याने कुजतो आणि उरलेला नत्र पुढच्या पिकाला मिळतो. पीक चांगलं साधलं तर हा नत्र हेक्टरी 60 ते 80 किलोपर्यंत जातो, म्हणजे युरियाच्या 45 किलोच्या तीन-चार गोण्या. ताग जून झाला की खोडात वाख (धागा) आणि लाकूडपणा वाढतो, आणि नत्रामागे कर्बाचं प्रमाण चढतं. गव्हाच्या काडात तर हे प्रमाण 80 च्या आसपास असतं. असा पाला गाडला की जिवाणू कमी पडणारा नत्र मातीतून उचलतात आणि वरचा कोवळा ऊस पिवळा पडतो. हा नत्र नंतर परत मिळतो, पण तोवर फुटव्यांचा काळ निघून गेलेला असतो. दोष मात्र तागाला लागतो.

आणखी एक निराशा नेहमी ऐकू येते: ताग गाडला, पण माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब तेवढाच. हिशेब करून पाहा. एक हेक्टरच्या वरच्या 15 सेंटिमीटर थराचं वजन ढोबळमानाने 20 लाख किलो. कर्ब 0.4 वरून 0.5 टक्के व्हायचा तर 2,000 किलो कर्ब मातीत टिकायला हवा. तागाचं सुकं वजन हेक्टरी चार-पाच टन धरलं, तर त्यात कर्ब असतो जेमतेम तेवढाच, आणि आपल्या उष्ण हवेत त्यातला बहुतेक कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. म्हणून एका वर्षाच्या अहवालावरून ताग सोडून देऊ नका.

शिवाय रोटाव्हेटर जेवढ्या वेळा फिरेल, तेवढं हे उडून जाणं वाढतं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्रात भात गादीवाफ्यावर घेतात, चिखलणी नाही, नांगरट नाही आणि कापणीनंतर मुळं जागेवरच कुजू देतात. त्यात तणनाशकावर भिस्त आहे, हे मला खटकतं. मुळं न हलवण्याचा विचार मात्र पक्का आहे. कुजलेल्या मुळाच्या जागी हवा-पाण्याची वाट तयार होते आणि बुरशीचे धागे मातीचे कण बांधून ठेवतात. खात्री करायची तर वर्षानुवर्षं न नांगरलेल्या बांधावरचं एक आणि रानातलं एक अशी लिंबाएवढी दोन सुकी ढेकळं पाण्याच्या ग्लासात जाळीवर ठेवा. रानातलं बहुधा काही मिनिटांतच विरघळून तळाशी बसतं.

कोरडवाहू मराठवाड्यात हे सगळं जसंच्या तसं चालणार नाही. खरिपात रान तागाखाली ठेवलं, तर रब्बी ज्वारीला लागणारी ओल तोच पिऊन टाकतो. तिथे कपाशीच्या ओळींमध्ये ताग किंवा चवळी टाकून सहा-सात आठवड्यांत कापून तिथेच पसरावी. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड लावलं, तर त्याचा नत्राने भरलेला पाला छाटून आणता येतो आणि पिकाच्या रानातली जागा अडत नाही. तुरीची पानगळ तर फुकटच मिळते. तुरीचा बेवड, म्हणजे तुरीनंतरचं रान, चांगला म्हणतात त्याचं एक कारण हेच. ती पानं वेचून पेटवू नयेत.