पावसात डांबर विरघळतं का?

'कोल्हापूरच्या पावसात डांबर विरघळतं, म्हणून गल्लीतले रस्ते टिकत नाहीत,' असा मेसेज पावसाळ्यात फिरतो. डांबर पाण्यात विरघळत नाही. गळक्या स्लॅबवर आपण तेच तर लावतो. उखडलेला तुकडा धुऊन बादलीत बुडवून ठेवा, पाण्यात काळा रंग उतरणार नाही.

खरा घोळ साचलेल्या पाण्याचा. ते भेगांतून आत शिरतं, खडीवरची डांबराची पकड सोडवतं, खालचा मुरूम मऊ करतं. मग चाकांच्या भाराने वरचा थर तुटतो. म्हणून रस्त्याला मधून दोन्ही कडांकडे साधारण २ ते २.५ टक्के उतार लागतो. ६ मीटर रुंद गल्लीत मध्य कडेपेक्षा ६ ते ७.५ सेंटिमीटर उंच हवा. दोरी आणि पाणसळ घेऊन हे कुणालाही मोजता येतं. गटाराचा काठच रस्त्याहून वर असेल, तर नुसता जाड थर टाकून भागत नाही.