चासीच आधी स्प्रिंग होती: आरसी रेसिंगमधल्या सेटअपची पार्श्वभूमी

रेडिओने चालवायच्या (आरसी) 1:10 मापाच्या रेसिंग बग्गीचा सेटअप, म्हणजे तिची सगळी जुळवाजुळव, लिहून ठेवायचा म्हटलं तर आज पानभर रकाने भरावे लागतात. शॉकमध्ये (धक्के आवरणाऱ्या तेलाच्या नळीत) कुठलं तेल, पिस्टनला किती भोकं, स्प्रिंग कुठल्या रंगाची (म्हणजे किती कडक), शॉक टॉवरच्या कितव्या भोकात अडकवलाय, कॅम्बर, टो-इन, कॅस्टर, राइड हाइट, ड्रूप, कॅम्बर लिंकच्या बॉलखाली किती जाडीचे वॉशर. या खेळात नव्याने आलेला माणूस ते पान बघून गांगरतो, आणि त्याचं काही चुकत नाही. हे रकाने कुणी एका बैठकीत ठरवलेले नाहीत. गेल्या साठ वर्षांत दर वेळी काहीतरी अडलं आणि एकेक रकाना वाढला. काय अडलं होतं ते कळलं की त्या रकान्याशी खेळायची भीती जाते.

सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं. इटलीतल्या रेज्जो एमिलिया इथल्या एल-जी कंपनीची 1:12 मापाची फेरारी 250 एलएम डिसेंबर 1966 मध्ये ब्रिटनच्या बाजारात आली. विकत मिळणाऱ्या पहिल्या आरसी गाड्यांमध्ये तिचं नाव घेतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रोर ही नियामक संघटना स्थापन झाली, आणि मोकळ्या पार्किंगच्या डांबरावर 1:8 मापाच्या इंजिनवाल्या गाड्यांच्या शर्यती भरू लागल्या. त्या काळची रेसिंग गाडी म्हणजे एक सपाट पत्रा, तीच तिची चासी. त्यावर इंजिन बोल्टने आवळलेलं, मागचा आस थेट चासीला जखडलेला, चाकांना फोमचे टायर. सस्पेन्शन म्हणावं असं काहीच नाही. गुळगुळीत डांबरावर तेवढ्याने भागायचं.

पण खरंच सस्पेन्शन नव्हतं का? कडक बांधणीच्या चौकोनी गाडीची चारही चाकं एका वेळी जमिनीला टेकत नाहीत, चार पायांचं टेबल जसं एका पायावर डुगडुगतं तसंच. गाडी धावायची ती तो पत्रा थोडा पिळवटायचा म्हणून. चासीची जाडी बदलली, ती कुठे अरुंद केली की गाडीचं वळणं बदलतं, हे त्या पिढीला हाताने कळलं होतं. त्यांनी त्याला सस्पेन्शन म्हटलं नाही, एवढंच. माझ्या मते सेटअपचा सगळा इतिहास इथूनच सुरू होतो, आणि पुढे दिसेल की फिरून तो इथेच येतो.

1:12 मापाच्या विजेवरच्या पॅन कारमध्ये (सपाट पाटीच्या गाडीत) ही गोष्ट उघडपणे वापरली गेली. मोटर आणि मागचा आस एका वेगळ्या पॉडवर बसवायचा, आणि तो पॉड मुख्य चासीला फायबरग्लासच्या टी आकाराच्या पट्टीने जोडायचा. त्या पट्टीचा दांडा पिळवटतो आणि वाकतो, म्हणजे तोच स्प्रिंगचं काम करतो. वरून एक शॉक, आणि पिळवटणं आवरायला घट्ट सिलिकॉन ग्रीस लावलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या. पुढे चाकाचा किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ, छोट्या स्प्रिंगवर वरखाली सरकतो. बस्स. इतक्या थोड्या भागांतही एक रोग लागायचा, तो म्हणजे ट्वीक: गाडी सरळ उभी दिसते, पण एका बाजूच्या चाकावर जास्त भार असतो. मग ती डावीकडे सुंदर वळते आणि उजवीकडे गिरकी खाते.

ट्वीक बघायची पद्धत अजूनही तीच आहे. गाडी काचेच्या सपाट पाटावर ठेवायची, पुढच्या टोकाच्या बरोबर मध्यावर, चासीखाली, पातळ पात्याचं टोक घालायचं आणि अगदी हळू वर उचलायचं. पुढची दोन्ही चाकं एकाच क्षणी सुटली तर गाडी सरळ आहे. एक आधी सुटलं तर त्या चाकावर भार कमी आहे, आणि मागच्या बाजूचा स्क्रू पाव फेरा फिरवून पुन्हा उचलून बघायचं. पाव फेरा, त्याहून जास्त नाही. हे काम करताना बोटांना जे कळतं ते कुठल्याही पुस्तकाने मला शिकवलं नाही.

गाड्या डांबर सोडून मातीत उतरल्या आणि सगळंच बदललं. तामियाने 1976 मध्ये पोर्श 934 ची 1:12 विजेवरची गाडी काढून हा छंद घराघरांत नेला होता. 1979 मध्ये त्याच कंपनीच्या रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या बग्ग्या आल्या. चासी अजूनही फायबरग्लासची सपाट पाटीच, पण पुढे फोक्सवॅगन बीटलच्या धर्तीवरचे ट्रेलिंग आर्म आणि जोडीला तेल भरलेले डॅम्पर. दिसायला खऱ्या गाडीसारखं असावं हा हेतू त्यात मोठा होता. रेस मारणाऱ्यांनी मात्र त्यातून वेगळाच धडा घेतला: मातीत स्प्रिंग पुरत नाही, स्प्रिंगला आवरणारं तेल लागतं.

याचं कारण मापाच्या गणितात आहे. गाडी दहापट लहान होते, गुरुत्वाकर्षण तेवढंच राहतं. खऱ्या मोटारीची स्प्रिंग तिच्या वजनाने 25 सेंटिमीटर दबत असेल तर ती सेकंदाला साधारण एकदा डोलते. 1:10 च्या गाडीत तेच दबणं अडीच सेंटिमीटर होतं, आणि डोलणं सेकंदाला तीनदा. म्हणजे छोट्या गाडीत सगळं तिपटीहून जास्त झपाट्याने घडतं. शिवाय अर्धा मीटर उंचीची उडी तिच्या मापाने पाच मीटरची असते. अशी उडी खरी मोटार मारूच शकणार नाही. छोटी गाडी ती मारते, कारण वजन हजारपट घटतं तेव्हा भागांचा छेद शंभरपटच घटलेला असतो, म्हणून वजनाच्या मानाने ती दणकट ठरते. पण जमिनीवर आपटल्यावर चेंडूसारखी उसळायची नसेल तर शॉक फार चांगले हवेत.

ते शॉक 1984 मध्ये असोसिएटेड या अमेरिकन कंपनीच्या आरसी10 वर दिसले. रॉजर कर्टिस यांनी रचलेल्या या बग्गीची चासी सोनेरी अॅनोडाइज केलेल्या अॅल्युमिनियमची, कडा वर वळवलेली, होडीसारखी. म्हणजे पिळवटायला मुद्दाम विरोध करणारी. चारही चाकांना स्वतंत्र ए-आर्म (चाक धरणारे, वरखाली हलणारे हात), आणि लांब पल्ल्याचे, तेल भरलेले कॉइलओव्हर, म्हणजे भोवती स्प्रिंग बसवलेले, शॉक. इथे पहिल्यांदा कामाची वाटणी स्पष्ट झाली: चासीने कडक राहायचं, हलायचं ते आर्मने. 1985 मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या इफमार या जागतिक संघटनेच्या विजेवरच्या ऑफ-रोड विश्वस्पर्धेत टू-व्हील गटाचं विजेतेपद जे हॅल्सी यांनी आरसी10 वर मिळवलं. त्यानंतर बग्गी म्हणजे ए-आर्म आणि कॉइलओव्हर हे जणू ठरूनच गेलं.

सेटअपच्या पानावरचे निम्मे रकाने या शॉकमधून निघाले. आत एक पिस्टन, त्याला दोन-तीन-चार भोकं, भोवती सिलिकॉन तेल. तेल घट्ट केलं की गाडी आळसटते, पातळ केलं की चपळ होते, इथवर सगळ्यांना कळतं. भोकाचं माप मात्र वेगळं काम करतं. लहान भोकं आणि पातळ तेल, किंवा मोठी भोकं आणि घट्ट तेल, असे दोन शॉक हातात धरून सावकाश दाबले तर सारखेच लागतील. गाडी उडीवरून आपटली की फरक दिसतो. पिस्टन झटक्यात खाली जातो, लहान भोकांतून तेल तेवढ्या वेगाने निघू शकत नाही, आणि शॉक क्षणभर जवळजवळ अडतो. याला पॅक म्हणतात. मोठ्या उड्यांच्या गुळगुळीत ट्रॅकवर तो हवा असतो, कारण चासीचा तळ जमिनीला लागत नाही. खाचखळग्यांच्या ट्रॅकवर तोच पॅक चाकांना जमिनीवरून उचलतो. तेलाच्या आकड्यांनी अनेकांना फसवलंय, मलाही. बाटलीवरचं 'वेट' प्रत्येक कंपनीचं आपापलं असतं. सीएसटी (सेंटीस्टोक) हे घट्टपणाचं खरं एकक. एका कंपनीचं 30 वेट म्हणजे 350 सीएसटी असेल तर दुसरीचंही तेवढंच असेल असं नाही. कुणाचा सेटअप उतरवून घेताना सीएसटी विचारावं.

शॉक भरणं हे या छंदातलं सर्वांत शांत काम. तेल काठोकाठ ओतायचं, दांडा सावकाश वरखाली करत राहायचं, पिस्टनच्या भोकांतून बारीक बुडबुडे निघतात. मग थांबायचं. घाई केली की त्यातलाच एखादा बुडबुडा आत राहतो आणि तिसऱ्या फेरीला गाडी एका बाजूला बसते. वरची रबरी चकती बसवून टोपण लावलं की दांडा पूर्ण आत दाबायचा आणि सोडल्यावर तो किती बाहेर येतो ते बघायचं. डावा जितका येतो तितकाच उजवा आला पाहिजे. हे जमेपर्यंत बाकी कुठल्या रकान्याला हात लावण्यात अर्थ नाही, असं मला ठामपणे वाटतं.

आर्म हलू लागले तसा भूमितीचा प्रश्न आला, आणि त्याची उत्तरं मोठ्या वाहनांकडून तयार मिळाली. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, हे तत्त्व तर घोडागाडीच्या काळातलं. म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या गाडीकाराची ती कल्पना 1818 मध्ये रुडोल्फ अॅकरमन यांनी लंडनमध्ये पेटंट केली, आणि आज या छोट्या गाडीवर स्टिअरिंगच्या पट्टीची भोकं बदलताना आपण त्यांचंच नाव घेतो. रोल सेंटर (वळताना गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो), अँटी-स्क्वॉट (वेग घेताना मागचं टोक बसू न देणारी रचना) हे शब्दही मोटारींच्या कारखान्यांतून आले. छोट्या गाडीत त्यांना हात घालणं फार सोपं: कॅम्बर लिंकच्या (चाकाला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) आतल्या बॉलखाली एक मिलिमीटरचा वॉशर वाढवला की त्या टोकाचं रोल सेंटर खाली येतं, गाडी तिकडे जास्त कलते, आणि मऊ मातीत तिथली पकड वाढल्यासारखी वाटते. मोठ्या गाडीत यासाठी वेल्डिंग करावं लागलं असतं.

जाणकार माणसंही तिकडून आली. सेसिल शुमाकर रेसिंग इंजिनं बनवणाऱ्या कॉसवर्थमध्ये अभियंता होते. त्यांचं बॉल डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) आरसी जगात पसरलं, आणि त्यांच्या कंपनीची पट्ट्यावर चालणारी फोर-व्हील बग्गी कॅट ही 1987 ची विश्वविजेती ठरली. चालवणारे होते मासामी हिरोसाका. डिफरन्शियल सेटअपच्या पानावर शॉकइतकी जागा घेत नाही, पण वळणातून बाहेर पडताना मागचं टोक सुटणं हे बरेचदा सस्पेन्शनचं दुखणं नसून डिफचं असतं.

1990 च्या दशकात टूरिंग कार आल्या आणि सस्पेन्शन डांबरावर परतलं. इथे उड्या नव्हत्या, त्यामुळे पल्ला कमी आणि मोजमाप बारीक. ड्रूपला, म्हणजे चाक आपल्या ठरल्या जागेपासून किती खाली लोंबू द्यायचं याला, महत्त्व आलं. मागे ड्रूप जास्त ठेवला तर थ्रॉटल सोडल्यावर मागचं टोक उठतं, भार पुढे जातो आणि गाडी वळणात झपकन शिरते. कधी इतकी झपकन, की सांभाळता येत नाही. गाडी ठोकळ्यांवर ठेवून, आर्म मोकळे सोडून, खालून पायऱ्यांची मोजपट्टी सरकवायची आणि अर्ध्या मिलिमीटरपर्यंत दोन्ही बाजू जुळवायच्या. स्लोव्हाकियातल्या हुडीसारख्या कंपन्यांनी अशा मोजमापाच्या साधनांवरच नाव कमावलं. विजेत्यांची सेटअपची पानं हातोहात फिरू लागली ती याच काळात. त्यांनी फायदा झाला तसं नुकसानही झालं. लोक स्प्रिंगचा रंग उतरवतात आणि पानाच्या कोपऱ्यातला टायरचा आणि पृष्ठभागाचा रकाना वाचत नाहीत. खरं तर तोच आधी वाचायचा.

पुढची उलथापालथ सस्पेन्शनने केली नाही, बॅटरीने केली. सहा सेलचा निकेल पॅक चारशे ग्रॅमच्या आसपास असायचा. 2000 च्या दशकाच्या अखेरीस लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) रूढ झाली, आणि पुढे आखूड लिपो आल्या त्या त्याच्या निम्म्या वजनाच्या. वाचलेलं वजन कुठे टाकायचं हे आता बनवणारा ठरवू शकत होता, म्हणून आज बग्गीच्या पोटात पितळी वजनं दिसतात. त्याच सुमारास ट्रॅकही बदलले. सैल मातीऐवजी कृत्रिम हिरवळ आणि कार्पेट. सैल मातीत मागच्या चाकांवर भार हवा म्हणून मोटर आसाच्या मागे असायची. कार्पेटवर पकड इतकी की मोटर मध्यावर आणली तरी चालतं, आणि गाडी वळते जास्त चांगली.

मग चाळीस वर्षांत कुणाला पडला नव्हता असा प्रश्न पडला: पकड जास्त झाली तर? कार्पेटवर वळताना गाडी घसरत नाही, थेट कलंडते. पहिला उपाय बघून मी थक्क झालो होतो. पुढच्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे रबर कडक होतं आणि कड कार्पेटला पकडत नाही. पकड मिळवायला जन्मभर धडपडलेली माणसं ती अशी हाताने काढून टाकत होती.

दुसरा उपाय चासीत निघाला. कार्बन फायबरची दोन मिलिमीटरच्या आसपासची तळपाटी, तिच्यात जागोजागी कापलेल्या फटी, आणि वरची पट्टी, म्हणजे टॉप डेक, इतकी अरुंद की गाडी दोन्ही टोकांना धरून पिळली तर हाताला जाणवावं. काहींनी तर कार्पेटसाठी कार्बन सोडून पातळ अॅल्युमिनियमची तळपाटी घेतली, कारण तिचं वाकणं वेगळं. आज टूरिंग कारच्या सेटअपच्या पानावर टॉप डेकचं चित्र असतं आणि त्यावर स्क्रूचे गोल. कुठला स्क्रू लावला, कुठला काढला, ते गोल भरून दाखवायचं. पकड कमी असेल तर मोटरजवळचा एक स्क्रू काढा, चासी थोडी मोकळी होईल, असं अनुभवी माणूस सांगतो. स्क्रू काढल्यावर तो गाडी पुन्हा सपाट पाटावर ठेवतो, पुढच्या टोकाखाली पातं घालतो, आणि कुठलं चाक आधी सुटतं ते वाकून बघतो.